लाइनबॅकरची आई

अमेरिकन फुटबॉल हा खेळ आमच्या दुबईतल्या मनखूल भागातल्या इमारतीत कोणी पाच मिनिटंही सलग पाहिलेला नव्हता. तरी आमचा वेदांग त्यात व्यावसायिक खेळाडू होऊ शकेल की नाही, यावर २००२ सालच्या उन्हाळ्यात त्या इमारतीतल्या प्रत्येकाचं ठाम मत होतं. दुबईतल्या मराठी पुरुषांना एसीसमोर बसवलं की मतं आपोआप सुचतात. माझे यजमान सूर्यकांत त्यांत पहिले आणि आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष विलासराव दुसरे. विलासरावांचं जबल अलीला लॉजिस्टिक्सचं ऑफिस होतं आणि स्वतःच्या आवाजावर निस्सीम प्रेम होतं.

खेळ मलाही आवडत नाही, हे आधीच सांगते. दोन्ही बाजूंना कपाटांएवढी माणसं समोरासमोर ओणवी बसतात. त्यांच्या मागे दोन-चार पावलांवर जो उभा असतो तो लाइनबॅकर. चेंडू घेऊन जो कोणी अंगावर येईल त्याला आडवा पाडायचा, एवढंच त्याचं काम. आपल्या कबड्डीतली पकड म्हणा, फक्त चढाईला येणारा शंभर किलोचा आणि सुसाट धावत आलेला. हे असं आयुष्य माझ्या मुलाने स्वखुशीने निवडलं होतं.

वेदांग दुबईतच वाढला आणि १९९८ मध्ये मेकॅनिकल करायला अमेरिकेला गेला. दुसऱ्या वर्षी फोनवर म्हणाला, मी कॉलेजच्या संघात आहे. उंची पाच फूट नऊ. आमच्या इमारतीत तो सगळ्यांत उंच होता, पण तिथे त्याच्या जागेवर खेळणारी मुलं सहा फूट दोन आणि सहा फूट तीन. त्याला घेतलं होतं ते सरावात बाकीच्यांना धडक द्यायला एखादं अंग हवं म्हणून. मग मोठ्यांपैकी एकाचा खांदा निखळला आणि एका शनिवारी याचा नंबर लागला.

त्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा इथे संध्याकाळ होती आणि मी भाजीला फोडणी घालत होते. "आई, आय ॲम स्टार्टिंग टुडे," तो म्हणाला. "मला भीती वाटतेय."

भीती वाटते म्हणणाऱ्या माणसाला काय सांगायचं हे मला कधीच कळलेलं नाही. मला राग येतो. मी म्हटलं, "वाटणारच. आरशात बघितलंयस का स्वतःला? तुझ्या बापाच्या घराण्यात माळ्यावरचा डबा काढायला सगळ्यांना स्टूल लागतं. दीडवीत मेला, आणि चाललाय त्या राक्षसांना पाडायला. ते तुला ओलांडून जातील, आणि कोणाला ओलांडलं हेही त्यांना कळायचं नाही."

पलीकडे तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. त्या दिवशी तो चांगला खेळला, असं त्यानेच नंतर सांगितलं. पुढच्या शनिवारी त्याच वेळी पुन्हा फोन.

"आई, बोल."

"काय बोलू?"

"सेम थिंग. लास्ट वीकसारखं."

तेव्हापासून तीन वर्षं, खेळाचे महिने असले की दर शनिवारी हाच कार्यक्रम. भाजी निवडताना, धाकट्या इशानीला शाळेच्या बसवर सोडताना मला नवे नवे अपमान सुचायचे आणि मी ते शनिवारसाठी राखून ठेवायचे. पोरगा खेळणार, त्याला त्याच्या जागेवरून कोणी हलवू शकणार नाही, असं त्याचे प्रशिक्षक म्हणायला लागले तरी मी माझं सोडलं नाही. आणि मी लाडाने बोलत नव्हते. तो त्या कामाला लहान आहे असं मला खरंच वाटायचं. बापाशी तो मार्कांबद्दल बोलायचा, बहिणीशी गाण्यांबद्दल, आणि माझ्याकडे फक्त एवढंच मागायचा. खरं सांगायचं तर आठवडाभर मी त्या फोनसाठीच जगायचे.

सूर्यकांत या तीन वर्षांत कुठे होते? मंडळात कोणी विचारलं की "एक्स्ट्रा करिक्युलर चालू असतं त्याचं काहीतरी" म्हणून विषय बदलायचे, जणू पोराला नायटा झालाय. मग २००२च्या एप्रिलमध्ये एका व्यावसायिक संघाने वेदांगला तीन दिवसांच्या चाचणीला बोलावलं. चाळीसेक मुलं येणार होती, त्यांतली एक-दोन ठेवणार होते, बाकीची घरी. ईमेलमध्ये हे स्वच्छ लिहिलेलं होतं. सूर्यकांतच्या तोंडी त्याचं दोन दिवसांत 'सिलेक्शन' झालं, आणि विलासरावांनी त्याच आठवड्यात सत्काराची तारीख जाहीर केली. सत्कार आधी ठरवायचा आणि कर्तृत्वाची वाट मागाहून बघायची, ही आमच्या मंडळाची जुनी रीत आहे. शाल आणली, बॅनर छापायला टाकला. वेदांग सुट्टीला येईल तेव्हा येईल, तोवर त्याच्या वतीने शाल आईवडिलांनी घ्यायची असं ठरलं.

मी म्हटलं, "अहो, त्याला अजून कोणी घेतलेलं नाही. त्याची उंची बघता—"

"मृणाल," सूर्यकांतनी हात वर केला. "घरात अभद्र बोलायचं नाही. वास्तू तथास्तु म्हणत असते."

आमचा फ्लॅट भाड्याचा आणि मालक अहमद म्हणून शारजाचा एक गृहस्थ. त्याची वास्तू मराठीतलं ऐकून तथास्तु म्हणत असेल, यावर माझा आजही विश्वास नाही. पण सूर्यकांतनी ते मनावरच घेतलं. चाचणी संपेपर्यंत घरात 'उंची' हा शब्दसुद्धा काढायची बंदी झाली.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी वेदांगचा फोन येणार होता. विलासराव आणि त्यांच्या मिसेस स्वप्नाली पेढे घेऊन आधीच हजर. सूर्यकांतनी फोन स्पीकरवर टाकला आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "चांगलं बोल हं. सगळे ऐकतायत."

"बाबा, लेट हर टॉक टू हिम अलोन," इशानी म्हणाली. त्या खोलीत अक्कल असलेली तेवढी एकच होती, आणि ती चौदा वर्षांची.

"आई, बोल," स्पीकरमधून आवाज आला.

मी सगळ्यांकडे बघितलं. विलासरावांच्या हातात अर्धा पेढा होता आणि चेहऱ्यावर अध्यक्षीय कौतुक. सूर्यकांत डोळ्यांनी मला आशीर्वाद द्यायला लावत होते. "यशस्वी हो, बाळा," मी म्हटलं. "तुझं नक्की होणार. आमची खात्री आहे."



"आई, आर यू ओके?" त्याने विचारलं. "तुला बरं नाहीये का?"

सगळे हसले. मी बरी आहे म्हटलं. "ओके," तो म्हणाला आणि फोन ठेवला. स्वप्नालीला डोळे पुसावेसे वाटले, इतकं म्हणे ते हृद्य होतं.

तिसऱ्या दिवशी त्याला घरी पाठवलं.

माझ्या गोड बोलण्याने तो पडला असं मी म्हणत नाही. जगात जे घडतं ते आपल्यामुळेच, असं समजायला मी काही विलासराव नाही. पण पोराने हक्काने एक गोष्ट मागितली होती आणि सूर्यकांतनी पेढे खाणाऱ्या दोन माणसांसाठी ती त्याला मिळू दिली नाही. त्या आठवड्यात मी त्यांच्याशी स्वयंपाकापुरतंसुद्धा बोलले नाही.

सत्काराचा कार्यक्रम मात्र झाला. हॉल घेतलेला, आणि शाल पंच्याऐंशी दिरहमची, म्हणजे जवळजवळ अकराशे रुपयांची, ती वाया कशी घालवायची? मोफत तपासणी शिबिर घेतलेला एक दाताचा डॉक्टर सापडला आणि त्याच्या खांद्यावर ती पडली. जेवणाच्या रांगेत विलासराव ताट हातात घेऊन सांगत होते, "मी सूर्यकांतला आधीच बोललो होतो. हाइट इज हाइट. पाच फूट नऊवाल्याने त्या गेममध्ये पडूच नये." विलासराव स्वतः पाच फूट तीन. मघाशी त्यांच्या भाषणासाठी माइकचा दांडा दोनदा खाली करावा लागला होता.

"विलासराव," मी म्हटलं, "तो बुटका आहे हे म्हणायला आधी त्याच्या खांद्याशी पोचावं लागतं."

रांगेतले चार लोक आपापल्या पुरीकडे बघायला लागले. मला गंमत वाटली नाही, संताप आला होता. तीन वर्षं मी जे बोलत होते तेच हा माणूस बोलत होता, आणि त्याच्या तोंडून मला त्यातला एक शब्द सहन होत नव्हता.

विलासराव मनाला लावून घेणारे नव्हेत. सूर्यकांतनी गळ घातल्यावर त्यांनी आपल्याच ऑफिसात वेदांगसाठी ट्रेनीची जागा काढली. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला हजर व्हायचं, व्हिसा कंपनीचा. वेदांग तिकडे अमेरिकेत जिममध्ये एकटाच घाम गाळत बसला होता आणि फोनवर हूं की चूं करत नव्हता. हो म्हणाला. तिकीट काढलं.

ऑगस्टच्या मध्याला, एका शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दुपारी, त्याचा फोन आला. दुसऱ्याच एका संघाचे दोन लाइनबॅकर जखमी झाले होते आणि सराव पुरा करायला त्यांना माणूस हवा होता. उद्या ये, म्हणाले होते. ठेवू याची काही हमी नाही. सूर्यकांतनी लगेच विलासरावांना मोबाइल लावला. विलासराव म्हणाले, व्हिसाचा कोटा थांबत नाही, आता नाही तर नाही. सूर्यकांत परत वेदांगकडे वळले.

"खलास, वेदांग. एकदा हौस झाली तेवढी पुरे. तुझी उंची काही चार महिन्यांत वाढलेली नाही. तिथे जाऊन पुन्हा तोंडघशी पडशील. गुपचूप घरी ये."

मी शेजारी उभी होते. शब्द जवळपास माझेच होते. पण त्यांच्या बोलण्यात त्याला मागे ओढणं होतं, आणि मी त्याला कधी मागे ओढलं नव्हतं. मी दर शनिवारी त्याला हाकलत आले होते. मी सूर्यकांतच्या हातातून फोन घेतला.

"आई," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता. "काय करू?"

"मला काय विचारतोस? जा आणि पाय मोडून घे," मी म्हटलं. "सहा-सहा फुटी बाप्ये जिथे लंगडत घरी गेले तिथे हा चाललाय पावशेर. बुटातला खडा झटकावा तसे झटकतील तुला. आठ दिवसांत हाकलतील. तू त्या संघात टिकलास तर मी नाव बदलेन. आणि हे मी घरात उभी राहून बोलतेय, वास्तूला काय ऐकायचं ते ऐकू दे. आता ठेव फोन आणि विमानाचं बघ. यल्ला, नीघ."

तो हसला. एप्रिलपासून ते हसणं मी ऐकलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की मी तशीच खुर्चीवर बसून राहिले. सूर्यकांत डोक्याला हात लावून म्हणाले, "तू आई आहेस की कोण आहेस?" जबल अलीची नोकरी गेली आणि विलासराव महिनाभर आमच्याशी बोलले नाहीत. या सगळ्या प्रकरणातला हा निव्वळ फायदा.

वेदांगला त्यांनी ठेवलं. मुख्य खेळात नाही. लांबवर किक मारली की जिवाच्या आकांताने धावत जाऊन समोरच्याला पाडायचं, ज्या कामाला मोठे खेळाडू नाक मुरडतात ते काम. पण करार झाला, पाठीवर नंबर मिळाला. सूर्यकांतनी संध्याकाळभर फोन केले. विलासरावांनी आम्हाला उदार मनाने क्षमा केली आणि नवी शाल आणायला माणूस पाठवला. "पोरगं छोटं असलं तरी चपळ आहे हे मी पहिल्यापासून सांगत होतो," असं ते आता सांगत होते.

पहिली मॅच रविवारी होती. आठवडाभर मी तयारी केली. इतके चांगले अपमान मला त्या तीन वर्षांत सुचले नव्हते. इथे रविवार कामाचा, त्यामुळे सूर्यकांत ऑफिसात, इशानी क्लासला, घरात मी एकटी. संध्याकाळी फोन वाजला तेव्हा मी पदराने हात पुसत आले आणि घसा साफ केला.

तो हॉटेलवरून बोलत होता. नाश्त्याला काय होतं ते सांगितलं. शेजारच्या खोलीतला एक काळा, अवाढव्य मुलगा दर मॅचच्या आधी ओकतो, ते सांगितलं. मी हूं हूं करत होते आणि वाट बघत होते. मग तो म्हणाला, "ओके आई, बस निघतेय. आफ्टर द गेम कॉल करतो."

"अरे," मी म्हटलं. "बोलू ना?"

आजवर मला विचारावं लागलं नव्हतं.

"आज नको, आई," तो म्हणाला. वयस्क माणसांशी बोलतात तसा, जपून. "आज खरंच गरज नाहीये."

बरं, म्हटलं. त्याने फोन ठेवला. मी तिथेच उभी राहिले. सगळं तयार होतं, एकेक वाक्य जिभेवर होतं, आणि त्या रिकाम्या घरात ते ऐकायला कोणी नव्हतं.

सहाच्या सुमाराला सूर्यकांत आले. बूट काढता काढता त्यांनी विचारलं, "आला होता ना फोन? चांगलं बोललीस ना त्याच्याशी?"

"त्याने बोलूच दिलं नाही," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

सूर्यकांत एका पायात बूट घेऊन तसेच उभे राहिले. "का? पुन्हा काढून टाकलं का त्याला?"

"त्याला नाही," मी म्हटलं.