तीन डब्यांचं गिऱ्हाईक

नववीला मी अर्थशास्त्र शिकवते आणि ते मला चांगलं शिकवता येतं, हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून कुणाला तसं वाटणार नाही.

कर्जतजवळच्या आमच्या शाळेत यंदा प्रत्येक मुलाला महिनाभर एक खराखुरा धंदा चालवायला सांगितला होता. वीस गुणांचा प्रकल्प. करणने सायकली धुवून दिल्या, कुणी मेंदी काढली. रुपालीने संध्याकाळच्या जेवणाचे डबे सुरू केले. तिची आई मालनबाई रांधायची आणि रुपाली सायकलवरून पोचवायची. पहिल्या आठवड्यात गिऱ्हाइकं चार: बँकेतले दोन कारकून, जनावरांच्या दवाखान्यातला एकजण आणि मी. मी एकटी राहते. नवरा गेला त्याला सहा वर्षं झाली. मुलगी रुचा बंगळुरूला असते. रविवारी फोन करून "आई, जेवलीस ना?" विचारते आणि मी हो म्हणते.

डबा आला की भाजी माझ्या पातेल्यात काढायची, डबा विसळून परत द्यायचा. तेवढ्या वेळात रुपाली उंबऱ्यापाशी बसून अखंड बडबडायची. व्यायलेली म्हैस, मावशीचं भांडण, वर्गात कोण कोणाशी बोलत नाही. डबा विसळायला मला दिवसेंदिवस जास्तच वेळ लागायला लागला. इतकी लखलखीत भांडी मालनबाईने जन्मात पाहिली नसतील.

तिसऱ्या आठवड्यात एका कारकुनाची बदली झाली, दुसऱ्याची बायको माहेरून आली आणि दवाखान्यातल्याला तिखट सोसेना.

"मॅडम, येकच गिऱ्हाईक राह्यलं," रुपाली म्हणाली. "येका डब्यासाठी येवढा खटाटोप कशाला, म्हनती आई. उद्यापासनं बंद."

मी विसळायला घेतलेला डबा खाली ठेवला.

"अगं थांब! शेजारच्या आक्काबाईंना हवाय की डबा. आणि मागच्या बोळातल्या एका नर्सबाईंनाही. तू माझ्याकडेच देत जा, मी पोचवते."

आक्काबाईंच्या घरात दोन सुना रांधतात. नर्सबाई तर मी उभ्या उभ्या जन्माला घातली. दुसऱ्या दिवसापासून तीन डबे यायला लागले. एक मी खायची, एक सकाळी गरम करून घ्यायची, तिसरा गल्लीतल्या कुत्र्याला. आठवड्याभरात कुत्रं गुटगुटीत झालं. वर्गात 'मागणी म्हणजे काय' हे फळ्यावर लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही, इतकी मी निर्ढावले होते.

पण मीच मुलांना बजावलं होतं, की माल कसा वाटला ते गिऱ्हाइकाला स्वतः जाऊन विचारा, मधल्या माणसावर विसंबू नका. रुपालीने माझं ऐकलं. ती एक दिवस आक्काबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

प्रकल्प वाचायच्या दिवशी तिने वही इतकी वर धरली होती, की चेहरा दिसत नव्हता.

"आमी धंदा बंद केला. कारन तीन डबे येकच मानूस घेत हुता. बाकीची दोन गिऱ्हाइकं न्हवतीच."

वर्ग खिदळला. करण ओरडला, "कोन गं ते येडं? लई खातंय का?"

"नाव सांगायचं न्हाई. त्याला भूक न्हवती. त्याला जे पायजे हुतं ते आमी विकत न्हवतो. मग त्याचे पैसे घेनं बरूबर न्हाई, असं आईचं आन् माझं ठरलं."

शाबास म्हणून खाली बसवायला हवं होतं. पण वीस वर्षांची खोड, मी विचारलं, "मग त्या ग्राहकाला काय हवं होतं?"

रुपालीने वही खाली केली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

"ते वहीत लिव्हलंय, मॅडम. वाचून दावत न्हाई."

शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या खोलीत मी वही उघडली. 'ग्राहकाची गरज' या मथळ्याखाली एकच ओळ होती: बोलायला कुणीतरी.

मला रडू आलं. त्या संध्याकाळी दारात सायकल येणार नव्हती आणि नुसतीच ये म्हणून सांगायला मला तोंड उरलं नव्हतं. मी वीसपैकी वीस गुण दिले. शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'ग्राहकाची गरज अचूक ओळखली.' शेऱ्याखाली सही करावी लागते. एरवी मी दोन अक्षरं खरडते. त्या दिवशी पूर्ण नाव लिहिलं.