सहाला उठणारा भाऊ

मालकांनी केबिनचं दार लावून घेतलं तेव्हाच थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. त्या ऑफिसात दार लावून बोलायची पद्धतच नव्हती. मालक ज्याला झापायचे त्याला सगळ्यांदेखत झापायचे, आणि कौतुक करायची वेळ त्यांच्यावर सहसा येत नसे.

"बस," ते म्हणाले. "आनंदाची बातमी आहे. परदेशातल्या कंपनीचं सगळं ड्रॉइंग आता आपल्याकडे येतंय. इतके दिवस उरलंसुरलं यायचं, आता सगळं. आणि टीमची प्रमुख तू."

थोरली आर्किटेक्ट होती. तिचं ऑफिस एका दूरच्या श्रीमंत देशातल्या कंपनीसाठी नकाशे काढायचं. इमारत कशी दिसेल ते तिकडचे लोक ठरवायचे. दार कुठल्या बाजूला उघडेल, पायरी केवढी असेल, फरशीखालून पाइप कसा जाईल, हे बारीक आणि किचकट काम थोरलीची माणसं करायची. त्यांनी रेखाटलेल्या इमारतीत त्यांच्यापैकी कुणी कधी पाऊल टाकलेलं नव्हतं.

"सगळं म्हणजे?" तिने विचारलं. "तिकडे त्यांची माणसं आहेत ना ड्रॉइंगला?"

"होती म्हण. महिनाअखेर ती टीम बंद. तिकडच्या एका पगारात इकडचं अख्खं टेबल बसतं, हे त्यांना आत्ता सुचलं. पण बाहेर एक शब्द काढायचा नाही हं. तिकडच्या माणसांना अजून सांगितलेलं नाहीये."

"सर, माझा भाऊ आहे त्या टीममध्ये."

"माहितीय की! त्याच्यामुळेच तर हे काम आपल्याला मिळालं. उपकारच आहेत त्याचे." मालकांनी टेबलावरची पट्टी उगाचच सरळ केली. "बघतील त्याचं काहीतरी. हुशार आहे मुलगा."

ती "थँक यू सर" म्हणून बाहेर आली. आपण आभार का मानले, हे तिला जागेवर येऊन बसल्यावरही कळेना.

थोरली आणि धाकटा एकाच कॉलेजात शिकले होते. घरी ड्रॉइंगचं टेबल एकच, त्यामुळे एकाचा कागद निघेपर्यंत दुसऱ्याने ताटकळायचं. थोरलीचा हात जास्त स्वच्छ होता आणि धाकट्याची जीभ जास्त चालायची. वडील बांधकामावर सुपरवायझर होते. ते एकदा परांचीवरून पडले आणि पायाने अधू झाले. मग दोघांपैकी एकाने घरी राहायला हवं, हे उघडच होतं. कुणी राहायचं याची घरात चर्चा झालीच नाही. थोरली राहिली, धाकटा गेला.

तिकडे त्याची पदवी कुणी धरलीच नाही. कागदोपत्री तो आर्किटेक्ट नव्हता, नुसते नकाशे उतरवणारा ड्राफ्ट्समन होता. शेजारच्या टेबलावर त्याच्याच वयाचा, त्याच देशात शिकलेला मुलगा तेच काम करून त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त घ्यायचा. पण धाकट्याचं त्याबद्दल फारसं रडगाणं नसे. कारण सहा वाजले की तिकडे सगळे उठत. साहेबसुद्धा. धाकटा मुलीला घेऊन बागेत जाई आणि तिथून थोरलीला फोन करी, तेव्हा त्याच्यामागे लख्ख ऊन असे. थोरलीच्या नशिबी आठवड्यातून एखादी संध्याकाळ उजेडातली असली तरी खूप.

रविवारी व्हिडिओ कॉल झाला. धाकटा भलताच खुशीत होता. "ताई, मोठं घर बघितलंय. आई-बाबांना यायला एक खोली जास्तीची. बुधवारी सह्या करतोय." त्याने फोन फिरवून एक रिकामी खोली दाखवली. मागून त्याची मुलगी, जिला सगळे छकुली म्हणत, "हा माझा कोपरा!" म्हणून ओरडली. आई-बाबा इकडे पडद्याला नाक लावून बसले होते.

थोरली फोन घेऊन गॅलरीत गेली आणि तिने दार ओढून घेतलं.

"सही करू नकोस."

"का गं? भाडं परवडतं आता."

"अरे, तुमची टीम बंद होतेय. महिनाअखेर."

तो हसला. मग तिचा चेहरा पाहून थांबला. "कुणी सांगितलं?"

"आमच्या मालकांनी. तुमचं सगळं काम आमच्याकडे येतंय. माझ्या हाताखाली."

धाकट्याने वळून त्या रिकाम्या खोलीकडे पाहिलं. म्हणाला, "मीच सांगितलं होतं गं साहेबांना. म्हटलं, माझी बहीण आहे, हात सोन्यासारखा आहे, स्वस्तातही करतील. तुला बरं काम मिळावं म्हणून." आणि मग जरा वेळाने, "तुमच्या पोरांना आमची पद्धत व्हिडिओवर कुणी शिकवली? मीच. कसला शहाणा मी!"

"मला सांगायला मनाई होती," थोरली म्हणाली.

"सांगितलंस ते बरं केलंस." पण त्याच्या आवाजात बरं असं काही नव्हतं.

तिकडे राहण्याची परवानगी नोकरीला बांधलेली होती. नोकरी गेल्यावर त्याने दारोदार विचारून पाहिलं. पण नकाशे काढायला तिकडे आता माणूस कशाला हवा होता! सगळेच बाहेरून करून घेत होते. शेवटी बायकोला आणि छकुलीला घेऊन तो घरी आला. आईने जास्तीची अंथरुणं काढली. बाबा दारात उभे राहून, बॅगा आत येताना बघत राहिले.

इथेही त्याचं बस्तान बसेना. कुणी म्हणे, तुम्ही फार महागात जाल. कुणी म्हणे, आमच्याकडे नुकतीच पास झालेली पोरं फुकट येतात शिकायला, आम्ही तुम्हाला कशाला घेऊ? हे ऐकून तो घरी यायचा आणि ताट अर्धं टाकून उठायचा. तेव्हा थोरलीनेच मालकांकडे विषय काढला. मालकांनी त्याला आनंदाने घेतलं. तिकडच्या साहेबांच्या आवडीनिवडी माहीत असलेला माणूस त्यांना इकडच्या भावात मिळत होता.

पहिल्या दिवशी सहा वाजता धाकट्याने कॉम्प्युटर बंद केला, खुर्ची आत सरकवली आणि "येतो, ताई" म्हणून तो निघाला. टेबलावरची सगळी पोरं माना वर करून बघत राहिली. जणू कुणी वर्गातून बाईंना न विचारता उठलं होतं.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. हळूहळू सहा वाजत आले की पोरांची चुळबुळ सुरू व्हायची. एक मुलगी तर बॅगेची चेन लावून, परत उघडून बसली. मालकांनी काचेआडून पाहिलं आणि थोरलीला बोलावून घेतलं.

"भावाला समजाव. हे सरकारी ऑफिस नव्हे. आपल्यापेक्षा स्वस्तात करणारे रांग लावून उभे आहेत. आपण चालतो ते वेळेला पक्के म्हणून. आपली संध्याकाळ म्हणजे त्यांची दुपार. दुपारी बदल पाठवतात आणि सकाळी उठायच्या आत करून हवे असतात त्यांना."

त्या रात्री जेवणानंतर थोरलीने धाकट्याला गच्चीत गाठलं.

"सहाला उठत जाऊ नकोस."

"माझं ठरलेलं काम मी सहापर्यंत संपवतो, ताई. करारात सहाच लिहिलंय. वाचलायस कधी?"

"वाचलाय. मला शिकवू नकोस."

"मग तू का बसतेस? त्यांना सवय तुम्हीच लावलीत. तिकडे आम्ही उठलो म्हणून इमारती पडल्या नाहीत."

"तिकडे तुम्ही उठायचात," थोरलीचा आवाज चढला, "तेव्हा उरलेलं काम कुणाकडे यायचं? 'जरा बघून ठेवा, सकाळी लागेल' असं कुणाला लिहायचात? तुझी छकुली बागेत खेळायची ना, त्या वेळी मी तुझ्याच जिन्याच्या पायऱ्या मोजत बसलेली असायचे. आणि आताही तू उठतोस, त्यानंतर येणारे बदल कोण करतं असं वाटतं तुला? आपोआप होतात?"

धाकटा कठड्याला टेकून उभा होता. हे त्याच्या खरंच कधी ध्यानात आलं नव्हतं.

"तू कधी बोलली नाहीस," तो म्हणाला.

"बोलून काय केलं असतंस?"

दोघं एकामागून एक खाली उतरले आणि आपापल्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी सहा वाजले आणि धाकटा उठला नाही. त्यानंतरही उठला नाही. मालक खूश झाले. पोरांची चुळबुळ थांबली. चेन लावणारी मुलगी परत मुकाट काम करू लागली. खरं तर थोरलीचा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण मान चोळत पडद्याकडे बघणारा भाऊ दिसला की तिला स्वतःचीच चीड यायची. घरी छकुली विचारायची, "आत्या, आता बाबापण तुझ्यासारखा ऑफिसातच राहायला गेला का?"

मग तो कॉल आला. तिकडचे साहेब पडद्यावर, आणि इकडे मालक, थोरली, धाकटा, मागे सगळी टीम. धाकट्याला पाहून साहेब खुलले. "अरे, तू इथे! छान, छान." असं म्हणाले जणू दोघांची बाजारात गाठ पडली होती. मग त्यांनी एका दवाखान्याच्या इमारतीचा अख्खा मजला फिरवायला सांगितला. खोल्या या बाजूच्या त्या बाजूला, पाइप, दारं, सगळं नव्याने. "उद्या सकाळी मिळेल ना?" त्यांनी नेहमीच्या गोड आवाजात विचारलं.

"उद्या नाही. परवा," धाकटा म्हणाला.

मालकांनी धाकट्याकडे असं पाहिलं, की डोळ्यांनी उचलून बाहेर टाकता आलं असतं तर टाकलं असतं. साहेबांनी नजर थोरलीकडे वळवली. टीमची प्रमुख ती होती. "उद्या जमेल ना?"

आजवर या प्रश्नाला थोरलीने एकच उत्तर दिलं होतं. विचार करायला तिला कधी वेळच लागला नव्हता. आता तिला मागे बसलेल्या पोरांचे श्वास ऐकू येत होते. दवाखाना होता. घाईत एक दार उलट्या बाजूला उघडलं, तर स्ट्रेचर अडकेल.

"परवा," ती म्हणाली. "उद्या दिलं तर चुका राहतील. परवा नीट देऊ."

साहेबांनी खांदे उडवले. "ठीक आहे, परवा द्या." आणि पुढच्या विषयाकडे वळले.

बस, एवढंच. त्यांनी आवाज चढवला नाही की काम काढून घेतलं नाही. इतकी वर्षं जिच्या धाकाने सगळे माना मोडेपर्यंत बसत होते, ती उद्याची सकाळ साहेबांना फारशी महत्त्वाचीही नव्हती. थोरलीला मोकळं वाटायच्या ऐवजी भडभडून आलं. ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिली.

मालक मात्र विसरले नाहीत. थोरलीला ते हात लावू शकत नव्हते, कारण तिच्यावाचून त्यांचं पान हलत नव्हतं. त्यांनी धाकट्याला बोलावलं, चहा पाजला आणि फार गोड शब्दांत महिनाअखेरचा निरोप दिला. थोरली तावातावाने केबिनमध्ये शिरली, "मग मीही जाते," म्हणाली. मालक शांतपणे म्हणाले, "जा. मग घरात दोघंही बसा." ती उभीच राहिली. बाबांची औषधं, छकुलीची नवी शाळा, सगळं तिच्या एकटीच्या पगारावर येणार होतं. ती जागेवर येऊन बसली, आणि त्या दिवशी कुणाच्याही नजरेला नजर देऊ शकली नाही.

धाकट्याने तिला बोल लावला नाही. उलट थट्टा केली, "एका शब्दाची नोकरी माझी, ताई. पण शब्द चांगला होता." काही दिवसांनी त्याला तिसऱ्याच एका देशातून बोलावणं आलं. तिथे उंच इमारती झपाट्याने उभ्या राहत होत्या. पगार तगडा, राहायला कंपनीची खोली. पण खोलीत आणखी दोघं, सुट्टी ठेकेदाराच्या मर्जीवर, आणि बायको-मुलीला न्यायची परवानगी नाही.

"जाऊ नकोस," आई म्हणाली. बाबा म्हणाले, "जाऊ दे त्याला." धाकट्याची बायको त्याचे शर्ट घड्या घालून बॅगेत ठेवत राहिली. थोरलीला दोन्ही बाजू पटत होत्या, म्हणून ती घड्या घालायला तिच्या शेजारी बसली.

तो गेला. ऑफिसात "परवा" हा शब्द मात्र रुळला. रोज नाही, पण चार कॉलपैकी एखाद्या कॉलला थोरली तो म्हणते, आणि साहेब बहुतेकदा मान्य करतात. बॅगेची चेन लावणारी ती मुलगी आता कधीकधी अंधार पडायच्या आत घरी जाते. थोरलीही जाते. तेव्हा छकुली तिला दारातच बिलगते, आणि तिला आनंद होण्याआधी धाकट्याची आठवण होते.

परवा त्याचा फोन आला तेव्हा ती घरीच होती. छकुली बापाशी शाळेतलं काय काय बोलत सुटली. मग आजी, मग आजोबा, मग बायको आत जाऊन बोलली. शेवटी फोन थोरलीकडे आला. तिकडे मागे कुणाची तरी भांडी आपटत होती, कुणीतरी मोठ्याने खोकत होतं.

"बरा आहेस ना?" तिने विचारलं.

"हो गं. ऊन फार आहे. साइटवर दुपारी माणसं चक्कर येऊन पडतात. आमचं बरं, आम्ही सावलीत." तो जरा थांबला. "दवाखान्याचं काय झालं? त्या मजल्याचं?"

"गेलं. पण जिन्याजवळचं दार मला अजून खटकतंय. स्ट्रेचर वळत नाही तिथे."

"लिफ्टची भिंत आत घेतलीस का?"

"बीम येतो मध्ये."

"मग दार सरकतं कर."

"त्यांना नकोय सरकतं."

"पुन्हा विचार. पाठव मला तो नकाशा, बघतो."

"तुझी सुट्टी तेवढीच आहे, अरे. झोप जरा."

"पाठव, ताई," धाकटा म्हणाला. थोरलीने लॅपटॉप उघडला, आणि दोघंही त्या दारावर बोलत बसले.