चोवीसपैकी चोवीस

मी एक जुनी फळी आहे. नाक मुरडू नका मित्रांनो, मांडणीवर डबे पेलत आयुष्य काढणाऱ्या फळ्यांपैकी मी नव्हे. माझ्या अंगावर बारा वस्तू ठोकलेल्या आहेत. सरकती कडी, कुलूप-किल्ली, पाण्याचा नळ, दिव्याचे बटण, बरणीचे झाकण, शर्टाची बटणपट्टी, बुटाची नाडी आणि अशाच आणखी काही. माझ्या कडीमागे खोली नाही, नळाला पाणी नाही आणि दिव्याचे बटण कितीही दाबले तरी कुठे उजेड पडत नाही. तरीही माझ्यासमोर बसलेल्या माणसाच्या तळहाताला घाम फुटतो. कारण त्याला घरी एकटे राहता येईल की नाही, हे माझ्यावर ठरते.

मी एका मोठ्या दवाखान्यात, व्यायामाच्या खोलीत असते. पक्षाघाताचा झटका येऊन ज्यांचे अर्धे अंग लुळे पडले, ती माणसे इथे पुन्हा उभे राहायला, घास तोंडापर्यंत न्यायला, बटण लावायला शिकतात. बटण लावणे म्हणजे काय मोठेसे, असे तुम्हाला वाटेल. मी मात्र एका बटणापायी मोठमोठ्या माणसांना रडताना पाहिले आहे.

मुळात मी याच दवाखान्यातल्या एका दाराचा भाग होते. दार मोडीत निघाले तेव्हा दवाखान्याच्या सुताराने मला जळणाच्या ढिगातून ओढून काढले. रंधा मारता मारता तो व्यायामाच्या खोलीतल्या ताईंना म्हणाला, "माणूस इथून घरी गेला की त्याला पहिली कोण भेटते? दाराची कडी. मग तिचा सराव नको का?" त्याने एकेक वस्तू मापाने बसवली. शेवटी माझ्या दोन्ही टोकांना लोखंडी शिकंजे लावून मला टेबलाशी करकचून आवळले. मग हाताने हलवून पाहिले. मी तसूभरही हलले नाही. "भिंतीतलं दार कधी सरकतं का? मग हिनंही सरकता कामा नये," तो म्हणाला. त्या माणसाला शाळा फारशी ठाऊक नव्हती, पण माझे शास्त्र त्याला पुरते कळले होते.

गुण द्यायची रीत सोपी होती. वस्तू कुणाच्याही मदतीशिवाय वापरता आली तर दोन, मदत घेऊन आली तर एक, नाहीच आली तर शून्य. बारा वस्तूंचे चोवीस गुण. ताई पहिल्यापासून शिस्तीच्या. एखाद्या मुलाने बापाचे मनगट नुसते सावरले, तरी त्या दोनाचा एक करत. "बोट लावलं तरी ती मदतच," असे त्या बजावत. लोक हिरमुसले व्हायचे, पण ताईंच्या कागदावर विश्वास ठेवायचे. दुसऱ्या गावांहून डॉक्टर येऊन माझे फोटो काढून नेत. त्या दिवसांत माझ्यावर धूळ म्हणून बसत नसे.

मग खोलीत पडदा असलेले एक नवे यंत्र आले. त्याच्यासमोर बसून रोग्याने हात हलवला की पडद्यावरचा चेंडू हलायचा. यंत्राच्या उद्घाटनाला पाहुणे येणार होते. त्यांच्या हस्ते बाजूला सारायचा मखमली पडदा नीट अडकेना, म्हणून कुणीतरी माझा एक शिकंजा काढून तिकडे लावला. पाहुणे आले, टाळ्या झाल्या, पडदा घडी करून कपाटात गेला आणि त्याच्याबरोबर माझा शिकंजाही गेला. उरलेल्या एकावर सगळा भार पडून वर्षभरात त्याचेही आटे झिजले. तो कचऱ्यात गेला.

ताईंनी नव्या शिकंज्यांसाठी तीनदा अर्ज केला. तिसऱ्या वेळी भांडारवाले स्वतः खोलीत आले आणि मला पाहून हसले. "फळीला शिकंजे? टेबलावर ठेवा की, ताई. पळून जाते का काय?"

मी पळून जात नव्हते, पण सरकत होते. कडीला जोर लावला की मी अख्खी त्या जोराबरोबर जायची. मग ताईंनी एक साधा उपाय काढला. डावा तळहात माझ्या कडेवर दाबून धरायचा आणि उजव्या हाताने गुण लिहायचे. पहिले काही दिवस त्या कागदाच्या कोपऱ्यात 'फळी धरावी लागली' असे लिहीत. पुढे ते लिहिणे सुटले. हात मात्र राहिला. शिकायला आलेल्या मुलींनीही ते पाहून उचलले. "फळी अशी धरायची," एक दुसरीला दाखवायची, जणू ते पुस्तकातच छापले होते.

खोटे कशाला बोलू? मलाही तो हात आवडायचा. यंत्र पुसायला रोज माणूस येई, मला मात्र कुणी विचारत नसे. त्या कोपऱ्यात माझ्या वाट्याला येणारी माया म्हणजे ताईंचा ऊबदार तळहात. त्या सुखात मी विसरून गेले की बंद दाराला कुणी असे धरून उभे राहत नाही.

अशातच बाइंडरबाई आल्या. पुस्तकबांधणी हा त्यांचा धंदा. खाली पुठ्ठे, खळ आणि मोठे प्रेस, वर राहायच्या दोन खोल्या, आणि त्यात त्या एकट्या. झटक्याने डावा हात आणि पाय अधू केला होता. जीभ मात्र शाबूत होती, शाबूत कसली, कातरीसारखी चालायची. पडद्यावरचा चेंडू पाहून त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "हा चेंडू झेलून मला कुठं खेळाडू व्हायचंय? मला पुस्तकांना शिवण घालायचीय. ती फळी द्या इकडे."

त्यांचा मुलगा दुसऱ्या गावी राहायचा. वाईट नव्हता, पण आईला आपल्याकडे न्यायचे त्याने मनाशी पक्के केले होते. बाइंडरबाईंनी निक्षून सांगितले, "मी पाहुणी म्हणून मरणार नाही." दोघांची बरीच वादावादी झाली. शेवटी मुलगा म्हणाला, "ठीक आहे. ताईंच्या कागदावर पूर्ण गुण आले तर मी एक शब्द बोलणार नाही. एक जरी कमी पडला तर तू माझ्याबरोबर यायचं."

"कबूल," बाई म्हणाल्या.

त्यानंतर दोन महिने त्या बाईंनी माझा पिच्छा पुरवला. बरणी मांडीत दाबून झाकण फिरवले, नाडी दातात धरून गाठ मारली. आयुष्यभर कागदाला वळण लावलेला त्यांचा उजवा हात दोन हातांचे काम एकट्याने शिकत गेला. परीक्षेच्या दिवशी अकरा वस्तू झाल्या तेव्हा बावीस गुण जमले होते. राहिली कडी. ती जरा घट्ट होती. बाईंनी ओठ दुमडून जोर लावला. ताईंचा तळहात माझ्या कडेवर दाबून बसला. कडी खाडकन सरकली.

ताईंनी दोन लिहिले. चोवीसपैकी चोवीस. मुलाने कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि शब्द पाळला.

आता यातली गोम ऐका. फळी धरणे ही मदत मानून कडीला एकच गुण मिळाला असता, तर ताई अशा सगळ्यांना लिहून देतात तशी एक ओळ बाईंनाही देणार होत्या : न्हाणीघराची कडी लावू नये. एवढी एक ओळ. मुलाशी केलेला करार हुकला असता, पण एका कडीपायी घर सोडायचे का, हे तरी समोरासमोर बोलता आले असते. पण पूर्ण गुण मिळालेल्या माणसाला असली सूचना कोण देतो?

पुढे काय झाले ते मी नंतर त्यांच्याच तोंडून ऐकले. घरी गेल्यावर नवव्या दिवशी सकाळी बाई आंघोळीला गेल्या आणि जन्माच्या सवयीने कडी लावली. लावताना ती एका झटक्यात लागली. आंघोळीच्या वाफेने जुने दार फुगले. मग कडी निघेना. एका हाताने दार आत ओढून धरायचे आणि दुसऱ्या हाताने कडी सरकवायची, असे ते दार होते. बाईंना एकच हात होता. ओढावे तर कडी सरकवायला हात उरत नव्हता, कडी सरकवायला जावे तर दार ताणलेले. त्यांनी हाका मारल्या. शेजारच्या दुकानातले घड्याळवाले त्या दिवशी दुकान बंद ठेवून गावाला गेलेले. सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत ती बाई ओल्या अंगाने स्टुलावर बसून होती. अखेर पुस्तके न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने आवाज ऐकला आणि दार फोडले.

मुलगा दुसऱ्याच दिवशी त्यांना घेऊन ताईंपुढे हजर. कागद टेबलावर आपटून म्हणाला, "हे काय गुण दिलेत तुम्ही? माझी आई मेली असती."

ताईंचा चेहरा पांढरा पडला. "आपण पुन्हा पाहू," त्या म्हणाल्या. मला पुढे ओढले, डावा तळहात माझ्या कडेवर ठेवला. मित्रांनो, तेव्हा मला वाचा असती तर! ताई, हात काढा, एवढेच मला ओरडायचे होते. बाईंनी कडी धरली. ती पुन्हा खाडकन सरकली.

मग मुलगा हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे आई, तुला येत होतं."

"इथं येतं," बाई म्हणाल्या. त्यांची कातरीसारखी जीभ प्रथमच अडखळत होती. "घरी नाही आलं. घरी दार धरायला कोणी नव्हतं."

"तेच तर मी म्हणतोय," मुलगा म्हणाला. "घरी कोणी नव्हतं."

"तसं नाही रे. दार धरायला..."

"बाई, तुम्ही घाबरलात," ताई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "होतं असं. एकटं असलं की माणसाला सुचत नाही." आणि त्यांनी लिहिले : हाताची ताकद पुरेशी. अडचणीच्या वेळी गोंधळ उडतो. सोबतीला कोणी नव्हते असे पुन्हा पुन्हा सांगतात. एकटे ठेवू नये.

म्हणजे पाहा, हात पास झाला आणि डोके नापास. चोवीस गुण तसेच राहिले आणि बाईंचे घर गेले. बाई माझ्याकडे बघत बसल्या होत्या. त्या ताईंच्या हाताकडेही बघत होत्या. मुलगा म्हणाला, "चल, आई." त्या उठल्या. पुठ्ठे, प्रेस, दोन खोल्या, सगळे महिन्याभरात आवरले गेले म्हणे.

त्याला सात-आठ महिने झाले असतील. ताई पायरीवरून घसरल्या आणि त्यांचे डावे मनगट मुरगळले. हात गळ्यात अडकवून कामावर आल्या. माझ्यासमोर ट्रक चालवणारे एक काका बसले होते. त्यांनी कडीला जोर लावला आणि मी टेबलावरून सरळ त्यांच्या पोटाशी गेले. पुन्हा जोर लावला, पुन्हा तेच. काका वैतागले.

"अहो ताई, धरा की फळी. तुम्ही रोज धरता म्हणून तर उघडते."

ताई लगेच "हो हो" म्हणत उजवा हात पुढे करू लागल्या आणि मध्येच थांबल्या. मी इतकी वर्षे त्यांना ओळखते, पण त्यांचा असा चेहरा कधी पाहिला नव्हता. काकांना त्यांनी परत पाठवले. कपाटातून जुने कागद काढले आणि एका हाताने उलटत बसल्या. कडीसमोर दोन. दोन. दोन. किती माणसांना त्यांनी आपला हात उसना दिला होता आणि घरी पाठवताना काढून घेतला होता! बाइंडरबाईंचा कागद सापडला तेव्हा त्यांनी शेवटची ओळ वाचली आणि डोळे मिटून घेतले.

मग त्यांनी फोन लावला. एक हात गळ्यात, म्हणून फोन माझ्याच अंगावर ठेवून, स्पीकर लावून बोलल्या. मुलाने ऐकून घेतले. "आता काय उपयोग, ताई? जागा दिली, प्रेस दिलं. आणि आई आता ठीक आहे. आम्ही तिला काडी उचलू देत नाही. बटणंसुद्धा माझी बायको लावून देते."

"त्यांच्याशी बोलू का?"

बाइंडरबाईंचा आवाज आला. फार सभ्य होता. त्यात धार नव्हती. "बोला, ताई."

"बाई, चूक माझी होती. फळी मी धरून ठेवत होते. तुमचा गोंधळ वगैरे काही झाला नव्हता. तुमच्या न्हाणीघराची कडी नुसती काढून टाकली असती ना, तर तुम्ही आज..."

"हो," बाई म्हणाल्या. "इथं नाही हो तसला त्रास. न्हाणीघराचं दार मला लावूच देत नाहीत. उघडं ठेवून बसायचं." मग म्हणाल्या, "मी तेव्हा सांगितलं होतं, ताई. दार धरायला कोणी नव्हतं म्हणून. तुम्ही लिहूनसुद्धा घेतलंत."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, माझ्या कडीला तेल घाला, असे मी तुम्हाला सांगणार नाही. ते नाही केलेत तरी चालेल. पडलेल्या माणसाला हात द्या, जरूर द्या. पण हात दिलात तर तो दिला असे लिहून ठेवा. आणि एखादे माणूस आपली अडचण आपल्या तोंडाने सांगत असेल, तर कागद थोडा वेळ बाजूला ठेवून त्याचे शब्द जसेच्या तसे ऐका.