बाराव्या धड्याची फीत

बायको गेल्यावर दोन महिन्यांनी, एका मंगळवारी दुपारी, तिचा आवाजही गेल्याचं त्याला कळलं.

लेक म्हणाली, "बाबा, आईचं काहीतरी लावा ना. तिला बोलताना ऐकायचंय." त्याला अभिमानच वाटला. लोकांच्या समारंभांचे व्हिडिओ काढण्यात त्याचं आयुष्य गेलेलं; घरच्याही बावीस वर्षांच्या फिती कपाटात ओळीनं लावलेल्या. त्यानं पहिली लावली. बायको सायकल धरून लेकीच्या मागे पळत होती, तोंडानं काहीतरी ओरडून सांगत होती, आणि वर बासरी वाजत होती. दुसरी लावली. तिथे व्हायोलिन.

"बाबा, आई काय म्हणतेय?"

"संगीत छान आहे ना," तो बोलून गेला, आणि मग घाईघाईनं तिसरी, चौथी लावत गेला. सगळीकडे संगीतच.

धंद्याची सवय होती ती. वारा, गोंगाट, पोरांची रडारड गिऱ्हाइकाला नको असते. आधी आवाज काढायचा, वर संगीत चढवायचं. घरच्या फितींनाही त्यानं तोच न्याय लावला होता. मूळ फिती तर पुन्हा वापरल्या होत्या. बायकोच्या बोलण्यावर कुणाकुणाची लग्नं चढली होती. फोनवरही ती मेसेज टाइपच करायची. "दिवसभर बोलून पोट भरतं माझं," म्हणायची.

ते खरंच होतं. एका प्रशिक्षण संस्थेत ती संगणकावरचे धडे लिहायची आणि स्वतःच्या आवाजात वाचायची. ‘मल्टिमीडियाची ओळख’ हे तिचं शेवटचं काम. मजकूर, चित्र, आवाज आणि हलतं चित्र एकत्र आणलं की काय होतं, शाळेत, दवाखान्यात, संग्रहालयात त्याचा काय उपयोग, असे बारा धडे. त्यातला एकही त्यानं ऐकला नव्हता. "झोप येते," म्हणायचा. खरं कारण होतं कानसेन.

कानसेन म्हणजे तिथला ध्वनिमुद्रण करणारा. नाव ऑफिसनं पाडलेलं. जेवायला बसलं की तिच्या तोंडी तोच. कानसेनला पलीकडच्या खोलीतल्या पंख्याची घरघर ऐकू येते, कानसेननं माझा खोकला कापला.

"त्याला कानांशिवाय काही आहे का?" त्यानं एकदा विचारलं होतं.

"आहे ना, धीर," ती म्हणाली होती. "तुमच्याकडे नाही तो."

आता त्याच माणसाच्या दारात जाणं जिवावर आलं होतं. पण लेकीनं परस्पर फोन करून वेळही ठरवली.

खोलीला खिडकी नव्हती. भिंतींना जाड फोम, दोन खुर्च्या, काचेपलीकडे एक माइक. कानसेन पन्नाशीचा, टक्कल पडलेला, स्वेटरच्या कोपराला ठिगळ. हा असला! त्याला जरा बरं वाटलं.

"बसा, दादा. बाई याच खुर्चीत बसायच्या."

तो उभाच राहिला.

"अकरा धडे पक्के झालेत," कानसेन म्हणाला. "बाराव्याचा नुसता आवाज आहे. आणि हा केर."

"केर?"

"कापलेलं सगळं. श्वास, चुका, खोकले, हसणं. लोक फेकून देतात. मी ठेवतो. खोडच आहे माझी."

त्यानं एक तुकडा लावला.

"अरे कानसेन, माइक नीट लाव की, गाढवा!" आणि तिचं ते खळखळून हसणं.

डोळ्यांत पाणी यायच्या आधी त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याला बावीस वर्षं ‘अहो’, आणि या टकल्याला ‘अरे’! वर गाढव! त्याला तिनं कधी गाढव म्हटलं नव्हतं. त्यानं तशी सोयच ठेवली नव्हती, हे त्याला तिथं सुचलं नाही.

"लांब वाक्याआधी श्वास कसा घ्यायच्या, ऐका," कानसेन म्हणाला, आणि त्यानं स्वतःच तसा श्वास घेऊन दाखवला. हुबेहूब. जेवताना, जिना चढताना, भांडायच्या आधी ती घ्यायची तसा. ते काही त्याला सोसलं नाही.

"बाराव्यात काय आहे?" त्यानं तुटकपणे विचारलं.

"तुम्हाला माहीत नाही? तुमची सायकलची फीत. मुक्या चित्राला आवाज कसा जोडायचा, ते त्या त्याच फितीवर दाखवणार होत्या. तेव्हा लेकीला काय ओरडून सांगितलं होतं, ते आठवून आठवून इथं परत बोलल्या. फीत घरून आणते म्हणाल्या होत्या."

तिनं मागितली होती. ऑफिसच्या कामाला घरची फीत मिळणार नाही, असं तो ताटावरून न उठता म्हणाला होता. तिनं पुन्हा विषय काढला नाही.

"सगळं डिस्कवर घालून देतो," कानसेन म्हणाला. "फीत आणलीत तर मी बसून..."

"तुमच्याकडचं पुसून टाका."

कानसेन त्याच्याकडे बघत राहिला. "अकरा धडे संस्थेचे आहेत, दादा."

"ते राहू देत. केर पुसा. आणि बारावा. तो माझ्या घरचा आहे."

"बरं."

कानसेननं डिस्क भरून दिली आणि त्याच्यासमोरच एकेक करून पुसलं. मग गळ्यातला हेडफोन काढून टेबलावर ठेवला. बाहेर पडताना जिंकल्यासारखं वाटेल अशी त्याची कल्पना होती.

घरी त्यानं बारावा धडा उघडला. त्रेचाळीस तुकडे निघाले. त्यांची नावं अशी: आठ-अ, तीन-परत, एकोणीस-हसू. कुठला तुकडा कुठे बसतो, कुठला ठेवायचा, कुठला रद्द, ते सगळं कानसेनच्या डोक्यात. त्यानं आपल्या अंदाजानं लावून पाहिलं. ‘हँडल सोडू नकोस’ ऐकू येई तेव्हा चित्रात तिचे ओठ मिटलेले. ‘मी धरलंय गं’ म्हणे तेव्हा तिनं सायकल केव्हाच सोडलेली. चार दिवस तो हेच करत बसला. लेक मागे उभी राहून बघत होती.

"बाबा, विचारा ना त्यांना."

"कुणाला?"

"माहितीय तुम्हाला कुणाला."

"विचारतो," तो म्हणाला.

त्याला आता सहा आठवडे झाले. फीत टेबलावर आहे, डिस्क तिच्या शेजारी आहे. कानसेनला फोन करायचा राहिला आहे.