चौथं शील

"हे कोनं लावलं बे?" जानरावनं मान वर करून विचारलं.

पिंपळगाव राजाच्या बस थांब्यावर, दोन खांबांच्या मधोमध, फलकावर प्रेमानंद हातभर तोंड घेऊन झळकत होता. "आपल्या गावचे भीमशाहीर प्रेमानंद यांना राज्यस्तरीय जीवनगौरव पुरस्कार जाहीर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" खाली बावीस शुभेच्छुकांचे चेहरे, त्यात पहिला मान पुतण्याचा, अश्वजितचा.

"अश्वजितनं," प्रेमानंद म्हणाला. "पुन्याचा फोन आला तवा मी आंघोळीत होतो. वहिनीनं उचलला."

फोनवरच्या बाईंनी महामायावहिनींना एवढंच सांगितलं, की तुमच्या दिरांना साहित्यासाठी जीवनगौरव मिळालाय. कसलं साहित्य, कोणती संस्था, हे विचारायची सवड वहिनींना कुठली! त्या कणकेच्या हातांनीच गल्लीत गेल्या. गावाला प्रेमानंदचं एकच साहित्य ठाऊक, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत गायची गाणी. गुरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक म्हणून पस्तीस वर्षं बैलांच्या जखमा धुणाऱ्या या माणसानं दुसऱ्या नावानं तीन कवितासंग्रह छापलेत, आणि ते तिन्ही पुरुषानं पुरुषावर केलेल्या प्रेमाचे आहेत, हे गावात फक्त एकाला माहीत होतं. तो आत्ता फलकाखाली उभा राहून घाम पुसत होता. कविता त्याच्यावरच होत्या.

पुरस्कार देणारी संस्था पुण्याची. समलिंगी आणि पारलिंगी लेखकांनी आयुष्यभर जे लिहिलं, त्याचा ती गौरव करते. ते पत्र प्रेमानंदनं दार लावून वाचलं होतं आणि वाचून चांगला हमसाहमशी रडला होता. चौसष्टाव्या वर्षी कुणीतरी त्याला सांगत होतं, की तुझं वाया गेलं नाही.

"आता विहारात सत्कार ठेवला तुहा," जानराव आवाज खाली घेऊन म्हणाला. "गान्यायसाठी भेटला म्हन, अन् मोकळा हो."

"अन् उद्या खरं समजलं त?"

"उद्याचं उद्या. रविवारी देऊळगाव राजाचे पाहुने येऊन राह्यले नातीले पाहाले. तू तोंड उघडलं, का लोक पहिले माह्याकडं पाह्यतीन. तुह्यं लगन नाही, अन् मी तीस वर्सापासून रोज तुह्या ओट्यावर. दोन अन् दोन चार कराले काय मास्तर लागते का?"

जानराव स्वतःच मास्तर होता, निवृत्त. बायको वारली होती; घरात मुलगा, सून, लग्नाची नात. तो घाबरट होता, हे प्रेमानंदला पहिल्यापासून माहीत होतं. पण या वेळी त्याची भीती खोटी नव्हती.

"नाही उघडत तोंड," प्रेमानंद म्हणाला, आणि ते अगदी मनापासून म्हणाला.

संध्याकाळी विहार गच्च भरला. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. जानराव तिसऱ्या रांगेत, भिंतीला लागून बसला होता. समितीचे अध्यक्ष नारायणराव यांनी बुद्धमूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लावल्या आणि रीतीप्रमाणे सगळ्यांनी हात जोडून त्रिशरण-पंचशील म्हटलं. प्रेमानंद लहानपणापासून हे म्हणत आला होता. चौथं शील खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं. रोज ते जिभेवरून सुळ्ळकन निघून जायचं. आज मात्र बाकीचे पाचव्यावर गेले तरी तो चौथ्यावरच होता.

नारायणरावांना माईक मिळाला की आवरणं कठीण. ते म्हणाले, "हा पुरस्कार प्रेमानंदचा नाही, आपल्या समाजाचा हाय. बाबासाहेबाच्या गान्यायले भेटला हा! म्हनून आमी ठरवलं, का ह्या गान्यायची वही आजपासून या तसबिरीखाली राहीन."

टाळ्या कडकडल्या. अश्वजितनं वही आणून तसबिरीखाली ठेवली आणि काकाकडे असं काही पाहिलं, की प्रेमानंदला तिथून पळून जावंसं वाटलं. गावाला फसवणं एक वेळ जमलं असतं. नाही तरी जन्मभर दुसरं काय केलं होतं? पण त्या तसबिरीखाली खोटं ठेवून घरी जाऊन जेवायचं, हे त्याच्यानं होईना.

तो माईकपाशी गेला. जानरावनं मान किंचित हलवली. नाही, नाही.

"भाऊहो, बायाहो," प्रेमानंद म्हणाला, "ती वही उचला तिथून. पुरस्कार गान्यायचा नाही."

कुणीच वहीला हात लावला नाही.

"मी दुसऱ्या नावानं कविता लिहिल्या. बाईनं मानसावर जीव लावावा, तसा म्या एका मानसावर लावला. त्याच्या कविता हायेत त्या. ज्यायचं असं असते, त्यायच्यासाठीच हा पुरस्कार हाय. तुमाले नसन पटत, त सत्कार नका करू. पन बाबासाहेबाच्या नावावर खोटं नोको."

शाल घडीसकट नारायणरावांच्या हातातच राहिली. मागे दोघे-तिघे उठून गेले. अश्वजित खाली बघत उभा राहिला. मग पुरुषांच्या बाजूनं संघपाल उभा राहिला. चारचौघांत नको ते विचारण्यात त्याचा हात धरणारा गावात दुसरा नव्हता.

"कोन हाय मंग तो?" त्यानं विचारलं. "गावातलाच हाय का?"

आणि जानराव म्हणाला होता तेच झालं. एक डोकं वळलं, मग दुसरं, मग पाच-सहा. जानराव चष्मा काढून तो सदऱ्याच्या टोकानं पुसत बसला होता. पुसून झाला तरी पुसतच होता. त्याच्या शेजारी त्याचा मुलगा ताठ बसला होता.

प्रेमानंदच्या डोळ्यांपुढे जानरावची नात उभी राहिली. चौथं शील म्हणून अर्धा तासही झाला नव्हता. त्यानं माईक दोन्ही हातांनी धरला.

"नाही," तो म्हणाला. "नागपूरचा होता. वारला तो. बारा वर्सं झाली."

डोकी परत वळली. मुलगा सैल होऊन भिंतीला टेकला. जानरावनं चष्मा डोळ्यांवर चढवला, पण वर पाहिलं नाही.

"काऊन थांबले?" बायांमधून महामायावहिनी एकदम उठून म्हणाल्या. "शाल आनली न त्याच्यासाठी? घाला मंग!"

नारायणरावांनी शाल घातली. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे लोकांना कळेना. थोड्यांनी वाजवल्या. बरेचसे जण तसेच बाहेर पडले आणि काही थोडे रांगेनं भेटायला आले. म्हातारी चांगुणाबाई त्याच्या हातावर थोपटत म्हणाली, "बारा वर्सं एकटाच दुःख करत बसला का रे बाप्पा? सांगावं नाही का कोनाले?"

"राह्यलं, बाई."

तिच्या मागे जानराव होता. मुलगा दाराशी थांबून वाट बघत होता. आजूबाजूला पाच-सहा माणसं होती. तीस वर्षांत जानरावनं प्रेमानंदपुढे कधी हात जोडले नव्हते. आता जोडले.

"ऐकून वाईट वाटलं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "चांगला असन मानूस."

"हाव," प्रेमानंद म्हणाला. "चांगला होता."