सातवी लेव्हल

गेम मी बनवला. दोन वर्सं, दुपारी सगळे लवंडले की लॅपटॉप मांडीवर घेऊन. आन सत्काराच्या फळ्यावर नाव कुणाचं? अंगदचं. नवऱ्याचं नाव घेते म्हणून कुणाला राग येत असंल तर येऊ द्या.

का म्हणे, तर कन्सोलच्या, म्हंजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या डब्याच्या, कंपनीला गेम पाठवला तवा मोबाइल नंबर त्याचा, ईमेल त्याचा. आमच्या वडीगोद्रीत गॅसपासून बँकेपर्यंत बाईचं सगळं नवऱ्याच्याच नंबरवर असतं. सवयीनं मीही तेच केलं, चूक माझीच. गेम निवडला गेला, कंपनीनं तो बाजारात आणला आन पेपरात अंगदचा फोटो आला. मी म्हटलं, "नाव बदलून घ्या." तर म्हणतो, "घरचंच नाव हाय ना? तुझं-माझं काय करून राह्यली?" तळपायाची आग मस्तकात गेली.

गेम सांगते. आमच्याकडं सून पारासमोरून जात न्हाई. गेलीच तर चपला हातात, पदर डोक्यावर. गेममधल्या सुनेला पारावरच्या म्हाताऱ्यांची नजर चुकवून विहिरीवर पोचायचंय, म्हशीच्या आड, कडब्याच्या गंजीच्या आड लपत लपत. दिसली की म्हातारा खाकरतो आन सून परत घरी. अशा सात लेव्हल. अंगदनं एकही खेळून पाहिली न्हाई.

सत्कार त्याच पारावर होता. बाया मागच्या बोळात, मीही त्यांच्यात. शाळेचा टीव्ही आणून त्याला कन्सोल जोडला होता. जालन्याहून कॉलेजचे बद्रीनाथ सर पाहुणे म्हणून आल्ते. शाल, नारळ झाला. मंग सर म्हणाले, "अंगदराव, शेवटची लेव्हल दाखवा. मला काही ती सुटली नाही."

अंगदनं सून म्हशीच्या आड नेली. म्हातारा खाकरला. गंजीच्या आड नेली. खाकरला. पाच डाव झाले तशी पोरं हसायला लागली.

"तुम्हीच बनवलाय ना?" सरांनी विचारलं.

"बिलकुल. जरा विसरलो."

विसरला म्हणे. बनवलेलं माणूस विसरत असतं व्हय?

मी बोळातून निघाले. मागून माझी जाऊ बेबीनंदा म्हणाली, "मीना, अगं चपला." पायातच राहू दिल्या. भर पारासमोरून चालत गेले. पारावर माझे सासरे, कडूबा मामा, बसले होते. ते खाकरले. हुबेहूब टीव्हीतल्यासारखे, कारण गेममधी तो आवाज मी त्यांचाच घेतला होता.

मी थांबले न्हाई. अंगदच्या हातातला कन्सोलचा रिमोट घेतला आन सून मधोमध, सरळ चालवली. सातव्या लेव्हलला आडोसा शोधला की हरलात. मी ती तशीच बनवली. टीव्हीतल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या आन सून विहिरीवर पोचली.

सर उठून उभे राहिले. "ताई, तुमचं नाव?"

अंगदनं सांगायला तोंड उघडलं होतं.

"मीना," मी म्हटलं. "आधी तो फळा पुसा, मंग लिहा."