सगुणाबाईनं टाकलेली कढई

मी एक जुनी लोखंडी कढई आहे. मित्रांनो, माझ्याकडून गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर ती मिळणार नाही. मला सगुणाबाईचा राग होता आणि आजही आहे.

अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी महाशिवरात्रीला जत्रा भरते. तिथे एका घिसाड्यानं मला घडवलं. तो सांडशीनं धरायचा आणि त्याची बायको घण घालायची. तिच्या हातचे घाव खाल्ल्यावर पुढे कुणाचं काही लागू नये, पण लागलं. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या एका शेतकरी घरात मला नेलं ते सगुणाबाईच्या सासूनं. तिनं माझ्यात शेवग्याचा पाला शिजवला, जवळा परतला, कुळीथ रटरटवले. पाहुणे बोटं चाटून म्हणायचे, या कढईची चवच न्यारी. मी तेव्हा मिजाशीत होते, खोटं कशाला बोलू?

मग सगुणा त्या घरात सून म्हणून आली. रंगानं काळी. पाड्यातल्या बायका म्हणायच्या, कढईचं बूड कुठलं आणि सगुणेचं तोंड कुठलं, ओळखा बघू. तिनं ते तीस वर्षं मनात धरलं. बोलणाऱ्यांचं तोंड तिला धरता आलं नाही, म्हणून वड्याचं तेल वांग्यावर निघालं. वांगं म्हणजे मी.

१९५२ साली तिच्या मुलाच्या, अनंताच्या बायकोला दिवस गेले. सून यमुनी, कमरेपर्यंत जाड वेणीची, गव्हाळ. सगुणाबाईनं ठरवलं, नातवंड गोरंच झालं पाहिजे. त्याच सुमारास उल्हासनगर कॅम्पातला एक सिंधी फेरीवाला डोक्यावर जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या भांड्यांची पाटी घेऊन आमच्याकडे येऊ लागला होता. चांदीसारखी चकचकीत, हलकी पातेली. त्याचा काही दोष नाही, तो त्याचं पोट भरत होता. सगुणाबाईनं एक पातेलं घेतलं आणि सुनेला बजावलं, "कालं खाशील त पोर कालं व्हईल."

झालं. नाचणी काळी, ती बंद. तीळ, कुळीथ, जवळा बंद. माझ्यातला पाला तर हिरव्याचा काळा होतो, तो आधी बंद. पांढरा भात, पांढरं ताक, वर खोबऱ्याचा तुकडा. तेही अर्धपोटी, कारण मूल पोटात मोठं झालं तर बाळंतपण जड जातं म्हणे. आणि मला घरामागे कोंबड्यांच्या पाण्याला लावलं. ज्या कढईतलं खाऊन पाहुणे बोटं चाटायचे, तिच्यात कोंबड्या चोची बुडवू लागल्या.

पण घरामागूनच मला सगळं दिसलं. दुपारी सासूचा डोळा लागला की यमुनी मागच्या कुडाशी येई. बोटानं भिंतीची माती खरवडून तोंडात टाकी, इकडेतिकडे पाहत. तिचे ओठ कोपऱ्यांत चिरले होते. दोन पायऱ्या उतरली तरी तिला धाप लागायची. फणीतून केसांचे पुंजके निघायचे, ते ती माझ्याशेजारी मातीत पुरायची. सगुणाबाईकडे त्यालाही उत्तर तयार होतं. पोटातल्या पोराला केस फुटतात, म्हणून आईचे गळतात. आणि यमुनीचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला, तेव्हा ही बाई पाडाभर सांगत सुटली की सून उजळली, आता नातवंड केवड्यासारखं होणार. सून डोळ्यांदेखत मरत होती आणि ही तिचा रंग मिरवत होती. कोंबड्यांपुढे मी काय ओरडणार?

सातव्या महिन्यात सुईण कौसाबाई पोट बघायला आली. पाय धुवायला मागे आली आणि थांबली. तिनं भिंतीतले खड्डे पाहिले. मला पाहिलं. मग यमुनीला उजेडात ओढून तिची पापणी खाली केली. आत लाली नव्हती.

"सगुणे, ही गोरी नाय जाली. हिचं रगत आटलंय," कौसाबाई म्हणाली. "तुझी सासू याच कढईतला पाला तुला खायाला घालायची, तवा सातव्यात तू भात कांडत होतीस. तुझा अनंता काला हाय, पन जिता हाय. हिला अशीच ठेवशील त मना बोलावू नको. चार खांदेकरी बोलाव."

अनंता मुखदुर्बळ माणूस, पण दुसऱ्या दिवशी त्यानं बैलगाडी जुंपली आणि बायकोला अंबरनाथच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी खरडपट्टी काढली, रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या आणि दोन जीवांचं जेवण घाला म्हणून सांगितलं. घरी आल्यावर अनंतानं स्वतः मला राखेनं घासलं आणि पुन्हा चुलीवर ठेवलं. खरं सांगते, यमुनी सावरली ती गोळ्यांनी आणि पोटभर जेवणानं. माझ्यातून पाल्यात उतरणाऱ्या लोखंडाचा वाटा थोडा. पण होता.

मुलगी झाली. काळीकुळकुळीत, आणि आवाज असा की कोंबड्या उडाल्या. सगळ्या बायका सगुणाबाईकडे बघत राहिल्या. ती उठली, चुलीपाशी आली, माझ्या बुडावर बोट घासलं आणि पोरीच्या गालावर तीट लावली. म्हणाली, "माझे नातीला कुनाची नजर नको लागाला." त्या गालावर तीट दिसलीसुद्धा नाही.

माझा राग मात्र गेला नाही. यमुनीची ती जाड वेणी पुन्हा कधी झाली नाही, आणि माझ्या अंगात जे मुरतं ते धुऊन जात नाही. मित्रांनो, तुमच्या घरात कुणी पोटुशी असेल तर तिचा रंग बघू नका. ती धापा टाकते का बघा, तिच्या ताटात काय पडतं ते बघा, आणि तिला वेळेवर दवाखान्यात न्या.

सगुणाबाईनं ना माझी माफी मागितली, ना सुनेची. यमुनीच्या दुसऱ्या खेपेला तिनं कुणी न सांगता मला चुलीवर चढवलं आणि पाल्याची एक मूठ जास्त टाकली, एवढंच.